आठ सांध्यांसाठी घेतलेलं मशीन

खोपोलीच्या दुकानदारानं विचारलं, काम काय करणार यावर? मी म्हणालो, गेट, ग्रिल, असंच घरचं. तीस वर्षं कारखान्यात फिटर म्हणून काढलेला माणूस इतकं मोघम बोलतोय म्हटल्यावर त्याला शंका यायला हवी होती. पण त्याला वेल्डिंगचं मशीन विकायचं होतं आणि मला खरं सांगायचं नव्हतं, त्यामुळे आमचं चांगलं जमलं.

खरं असं होतं की मला गावच्या स्मशानातली, सरण रचायची लोखंडी चौकट नव्यानं करायची होती. जुनी चौकट, पाइपाची, मीच केली होती, आठ वर्षांपूर्वी, घरामागच्या माझ्या शेडमध्ये. या माघात माझी बायको गेली, आणि तिचं सरण अर्धं जळलं असताना ती चौकट पायांकडच्या बाजूनं खाली बसली.

लाकडं एका अंगाला कलंडली. लाकडांबरोबर तीही सरकली. दोघातिघांनी बांबूनं रेटून सगळं परत आत घेतलं आणि कुणीतरी मला खांद्याला धरून पाठमोरं उभं केलं. मी पाठमोरा उभा राहिलो. समोर नदी होती, पलीकडे वीटभट्टी होती, आणि मी विचार करत होतो की कुठला सांधा सुटला असेल. मला तेव्हा एवढंच सुचलं. आजही त्या दिवसाचं आठवायला गेलो की आधी तो विचार आठवतो आणि मग तिचा चेहरा.

गावात त्यावर कुणी एक अक्षर बोललं नाही. परतताना नाही, दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. एरवी आमच्याकडे बोलायला माणसं कमी नाहीत. कुणाच्या सुनेनं कुठल्या रंगाची स्कूटी घेतली, यावर देवळापुढे अर्धा तास सहज जातो. ते गप्प राहिले ते माझ्यासाठी, एवढं मला कळत होतं. पण त्याआधी आठवड्याला दोघंतिघं तरी माझ्या शेडकडे यायचे. कुणाच्या खुर्चीचा पाय, कुणाच्या बादलीची कडी, कुणाच्या गाडीचा स्टँड. तेराव्यानंतर दीड महिना झाला तरी कुणी फिरकलं नाही. मी दुःखात आहे म्हणून येत नव्हते, की माझ्या सांध्यावरचा भरवसा उडाला होता, हे मला ठरवता येईना. विचारायला जावं तरी पंचाईत.

वाकडी झालेली चौकट पोरांनी ओढून स्मशानाच्या पत्र्याखाली, भिंतीच्या मागे टाकली होती. मी तिकडे गेलो नाही. गावानं तात्पुरते दगड मांडून ठेवले होते. आणि आमच्या समोरच्या घरातले आबा अंथरुणाला खिळून सहा महिने झाले होते. रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी ओट्यावर बसायचो तेव्हा त्यांचा खोकला ऐकू यायचा. खोकला ऐकू आला की मी मनात म्हणायचो, अजून वेळ आहे. माणसाबद्दल असं मोजणं बरं नव्हे, पण मी मोजत होतो.

सांधा का सुटला, याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. ती चौकट मी भर पावसाळ्यात केली होती, गणपतीच्या दोन दिवस आधी. आमच्या भागात पावसाळ्यात मीठसुद्धा डब्यात पाणी सोडतं, तिथं वेल्डिंगचे रॉड काय कोरडे राहणार. रॉड सादळला की सांध्यात बारीक भोकं राहतात आणि वरून बघून ती कळत नाहीत. कारखान्यात रॉड सुकवायला भट्टी होती. घरी मी बायकोच्या गॅसवर जुना तवा ठेवून त्यावर ते भाजून घ्यायचो. त्या दिवशी तिनं स्वयंपाकघर घासूनपुसून मोदकांसाठी तयार ठेवलं होतं. मी हातात रॉडची मूठ घेऊन दारात उभा राहिलो तर म्हणाली, "आज त्या काड्या माझ्या शेगडीवर आल्या तर तुमचेच मोदक करीन." मी हसलो, परत शेडमध्ये गेलो आणि सादळलेल्या रॉडनीच काम उरकलं.

ती गेल्यावर महिनाभर मी या गोष्टीवरून तिच्यावर रागावायचा प्रयत्न केला. तो रागही धड जमला नाही. सकाळी उठायचं, दूध तापवायचं, वरण-भात लावायचा, ताट धुवायचं. सगळं व्यवस्थित होत होतं. नातेवाईक म्हणायचे, सावरला बिचारा. मी सावरलो वगैरे नव्हतो. मला काहीच वाटत नव्हतं, आणि काही वाटत नसलं की माणूस फार व्यवस्थित राहतो.

अशातच मशीन घ्यायचं डोक्यात आलं. जुन्या आर्क मशीनला एका हातात रॉड धरून, तो जळत जाईल तसा पुढे ढकलत राहावा लागतो. साठीनंतर माझा उजवा हात थोडा थरथरतो. शिवाय रॉड आला की सादळणं आलं. मिग नावाच्या नव्या प्रकारात वायरचं रीळ मशीनच्या पोटात असतं, गनचा खटका दाबला की वायर आपोआप पुढे येते. कारखान्यात आम्ही त्याला सीओटू म्हणायचो, कारण सोबत कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर असायचा. भाजायची भानगड नाही, शेगडी नाही, तवा नाही. असं मशीन असतं तर सांधा सुटला नसता, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पुण्याच्या मुलीला फोनवर सांगितलं तर तिला आनंद झाला. म्हणाली, घ्या बाबा, मन रमेल. स्मशानात काय झालं ते तिला माहीत नव्हतं. बायका घरीच होत्या आणि पुरुषांनी कुणी सांगितलं नव्हतं. तिनं मला रोज चार-पाच व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली. त्यात स्वच्छ गॅरेजमध्ये उभी राहिलेली गुटगुटीत माणसं एकेका मशीनचं कौतुक करत असत. मी ते सगळे बघितले. काही दोनदा.

पुढचे तीन आठवडे मी मशीन निवडत होतो, आणि खोटं कशाला बोलू, ते दिवस बरे गेले. बायकोबद्दल जेवढा विचार केला नाही तेवढा वायरच्या जाडीबद्दल केला. शून्य पॉइंट आठची घ्यावी की एक एमएमची? दोनशे अँपिअरचं की अडीचशेचं? लहान मशीन दहा मिनिटांत तीन-चार मिनिटं चालतं आणि तापून बंद पडतं, मग बसा त्याच्या तोंडाकडे बघत. मोठं घ्यावं तर घरच्या वायरिंगला झेपत नाही. खोपोलीचा दुकानदार म्हणाला, आपल्या नेहमीच्या मोठ्या पॉइंटवर चालतं, बिनधास्त घ्या. कर्जतच्या बाजारातला म्हणाला, चालत नाही, वेगळी लाइन ओढा. दोघंही सारख्याच खात्रीनं बोलत होते. संध्याकाळी सातला आमच्या गावात व्होल्टेज असं पडतं की पंखा आठवून आठवून फिरतो. त्या व्होल्टेजवर मशीनचं काय होईल, हे दोघांपैकी एकालाही सांगता आलं नाही.

गॅसचा प्रश्न सगळ्यात मोठा. गॅसवर चालणाऱ्या मशीनचा सांधा सुबक येतो, हे मी कारखान्यात बघितलेलं. पण माझी शेड तीन बाजूंनी उघडी आहे आणि दुपारनंतर घाटाकडून वारा खाली येतो. वाऱ्यानं गॅस उडाला की सांध्यात पुन्हा भोकं. दुसरा प्रकार गॅसशिवायचा. त्याच्या वायरच्या पोटातच पूड असते, ती जळून सांध्याला झाकते. धूर जास्त, ठिणग्या जास्त, पण वाऱ्याला दाद देत नाही. मी वहीच्या पानावर दोन रकाने आखले आणि रोज त्यात काहीतरी लिहीत गेलो. पान भरलं तरी ठरेना.

शेवटी मी आमच्या कारखान्यातल्या जुन्या वेल्डरकडे जायचं ठरवलं. तो ठाकर समाजातला. कर्जतच्या पुढे, ठाकुरवाडी स्टेशनच्या खालच्या अंगाला डोंगराच्या पायथ्याशी त्याची वाडी आहे. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. कारखान्यात त्याच्यासारखा सांधा कुणाचा येत नसे, आणि तरी तो वीस वर्षं कंत्राटावर राहिला. मी पर्मनंट, तो कंत्राटी. दिवाळीला आम्हाला बोनस मिळायचा, त्याला मिठाईचा पुडा. त्यानं हे कधी विसरल्यासारखं दाखवलं नाही आणि त्याबद्दल मला त्याचा आदर आहे.

स्कूटर वाडीच्या खाली लावून मी चढून गेलो तेव्हा तो दारात बसून मोबाइलवर कुस्ती बघत होता. ग्राइंडरच्या आवाजानं त्याचा एक कान गेलाय, त्यामुळे कुस्तीचा आवाज अख्ख्या वाडीला. बायकोचं त्याला कुणाकडून तरी कळलं होतं. तो मोबाइल बंद करून उठला आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आला. मग मी वही काढली. त्यानं दोन्ही रकाने वाचायला लावले, मध्येच थांबवून तंबाखू मळली आणि विचारलं, जोडायचंय काय? मी म्हणालो, गेट, ग्रिल. तो म्हणाला, गेटाला एवढा अभ्यास लागत नाही.

मग मी सांगितलं. सादळलेले रॉड, तवा, चौकट, सरण, सगळं. आवाज जरासुद्धा हलला नाही. स्टोअरमधून कुठला बोल्ट कमी आला ते सांगावं तसं मी ते सांगितलं.

त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू सांधा बघितला का, सुटलेला?"

मी म्हणालो, नाही.

"मंग तुला कसं कळलं सुटलाय त्यो?"

मी वही मिटली. तो आत गेला, शर्ट घालून आणि एक छोटी हातोडी घेऊन बाहेर आला. घरच्या बाईला काहीतरी सांगितलं, ते त्यांच्या बोलीत असल्यानं मला पुरतं कळलं नाही, पण ती माझ्याकडे बघून हसली नाही. त्याला स्कूटरवर मागे बसवून मी गावी आलो. तासभराच्या रस्त्यात तो एकदाच बोलला. म्हणाला, तुम्ही पर्मनंट लोक गाडी फार हळू चालवता.

स्मशानात दुपारचं कुणी नव्हतं. भिंतीमागे चौकट पालथी पडली होती, तिच्यावर कुणीतरी वाळायला गोणपाट टाकलं होतं. दादानं ते बाजूला केलं आणि पायांकडच्या कोपऱ्याशी उकिडवा बसला. मी चार हातांवर उभा राहिलो. त्यानं हातोडीनं पोपडे झाडले, थुंकी लावून बोटानं पुसलं आणि मला बोलावलं. मी गेलो.

"ह्यो तुझा सांधा," तो म्हणाला. "हाय तसा हाय. पाइप गेलाय रं, सांधा नाय गेला."

मी वाकून बघितलं. माझा सांधा मला ओळखू आला. ओबडधोबड, एका बाजूला जास्त भरलेला. बायको माझ्या वेल्डिंगला पालीची विष्ठा म्हणायची, ती ओळ तशीच्या तशी होती. त्याच्या बोटभर पलीकडे पाइप दुमडून फाटला होता. दादानं हातोडीचं टोक पाइपावर टेकवून नुसतं दाबलं तर ते आत गेलं. पत्रा कागदाइतका उरला होता. फाटलेल्या तोंडातून त्यानं गंजाचा ओंजळभर चुरा माझ्या पायाशी ओतला.

आतून खाल्लंय, तो म्हणाला. पाइपाची टोकं मी उघडी ठेवली होती. ती ठेवायलाच हवीत, नाहीतर बंद पाइप आगीत फुटतो, हे मला माहीत होतं आणि त्यालाही. मग त्यानं विचारलं, "गरम असताना पानी कोन वतताय ह्याच्यावं?"

मी म्हणालो, सगळेच.

पूर्वी आमच्याकडे राख तिसऱ्या दिवशी सावडायचे. आता दुसऱ्या दिवशी सकाळीच उरकून घेतात. मुलं मुंबईला, पुण्याला, कुणाला सुट्टी नाही, कुणाची शिफ्ट आहे. सकाळी सातला सगळे जमतात. निखारे अजून आत असतात, म्हणून आधी नदीच्या चार-पाच बादल्या ओततात, मग अस्थी गोळा करतात. प्रत्येक वेळी ते पाणी तापल्या पाइपावर पडत होतं आणि उघड्या टोकांतून आत जात होतं. बाहेरून आग आणि आतून पाणी, असं आठ वर्षं चाललं होतं.

आणि गावात ही पद्धत सुरू झाली ती माझ्यापासून. चौकट बसवली त्याच वर्षी दिवाळीनंतर माझी आई गेली. कारखान्यात तेव्हा वार्षिक दुरुस्तीसाठी सगळं बंद होतं, माझ्यावाचून तिथलं काही हलणार नाही असं मला वाटायचं. मी भटजींना दुसऱ्या दिवशी चालेल का विचारलं. ते म्हणाले, अडचण असेल तर चालतं. घरी बायको म्हणाली, तिसरा म्हणजे तिसरा, एवढी कसली घाई आईंना घालवायची. मी तिला म्हणालो, तुला यातलं काय कळतं. पुढच्या मयतीला लोकांनी माझा दाखला दिला, त्याच्या पुढच्या मयतीला दाखल्याचीही गरज उरली नाही.

हे सगळं मी दादाला सांगितलं नाही. तो हातोडी झाडून उठला आणि म्हणाला, कसलंही मशीन आणलं असतं तरी ही बसलीच असती. मला बरं वाटायला हवं होतं. सांधा टिकला होता, माझा हात चुकला नव्हता, रॉडचा आणि तव्याचा काही संबंध नव्हता. दीड महिना ज्याची भीती होती ते खोटं निघालं होतं. मी स्वतःला विचारून बघितलं, बरं वाटतंय का? काही हललं नाही. मी म्हणालो, चल, चहा घेऊ.

चहा पिताना त्यानं नवी चौकट कशी करायची ते सांगितलं. पाइप अजिबात नको. भरीव लोखंडी बार घ्यायचे, ते चार जाड पायांवर नुसते मोकळे ठेवायचे. आगीत लोखंड वाढतं, त्याला सरकायला जागा हवी. सांधा आगीत येताच कामा नये. पायांना बार ठेवायला खोबणी तेवढ्या जोडायच्या, त्याही आगीच्या बाहेर. चार पाय, प्रत्येकाला दोन. तीन आठवडे वही भरून मी ज्याचा अभ्यास केला त्या मशीनला एकूण काम होतं आठ सांध्यांचं.

मी विचारलं, मग मशीन घेऊ की नको? तो म्हणाला, घे, तुझा हात हलतोय ते मी मघाशी कपात बघितलं. गॅसचं घेऊ नकोस, तुझ्या शेडीत वारा आहे. अडीचशेचं घे आणि मीटरपासून वेगळी लाइन ओढ, दुपारी व्होल्टेज असताना चालव. वायरचं रीळ काम झालं की मशीनमधून काढून डब्यात बंद कर, नाहीतर पावसाळ्यात तेही गंजेल. इतकं नेमकं मला दोन्ही दुकानांत मिळून कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी म्हणाला, घेतलंस की चार दिवस माझ्याकडे ठेव, नातवाच्या मोटरसायकलला कॅरिअर करायचंय. तेही ठरलं.

मशीन कर्जतहून घेतलं, कारण तिथल्यानं वेगळी लाइन लागेल हे खरं सांगितलं होतं. टेंपोवाला खोकं ओट्यावर ठेवून गेला. समोरच्या घरातून आबांच्या सुनेनं विचारलं, काय नवीन फ्रिज का? मी हो म्हणालो. वायरमननं लाइन ओढली, भरीव बार खोपोलीच्या भंगारातून आणले. दादा दोन दिवस येऊन राहिला. पहिले चार सांधे त्यानं करून दाखवले, उरलेले मला करायला लावले. गनचा खटका दाबला की वायर सरसर पुढे येते, काचेतून वितळलेल्या लोखंडाचं बारकंसं डबकं दिसतं आणि आपण फक्त त्याला हळूहळू पुढे न्यायचं. पाचवा सांधा, म्हणजे माझा पहिला, त्याला पसंत पडला नाही. त्यानं तो घासून काढायला लावला आणि मी परत केला. जेवताना म्हणाला, "आता बरा हाय. पर्मनंट करायला हरकत नाय." आम्ही दोघं हसलो. बायको गेल्यावर मी पहिल्यांदा हसलो ते तेव्हा, आणि त्याचंसुद्धा मला विशेष काही वाटलं नाही.

चौकट बसवून तीन आठवडे झाले आणि वैशाखात, भर दुपारी, आबा गेले.

मी सगळ्यांबरोबर स्मशानात गेलो. सरण रचलं, त्यांच्या मुलानं अग्नी दिला. तो डोंबिवलीला असतो, बँकेत आहे. पुरुष थोडे मागे सरकून उभे राहिले आणि सगळे चौकटीकडे बघायला लागले. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. आग चढली, लाकडं बसत गेली, बार लाल झाले आणि खोबणीत थोडे सरकले, जसे सरकायला हवे होते. काही पडलं नाही. तासाभरानं एक जण माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, जमली बुवा. दुसऱ्यानं जाता जाता विचारलं, माझ्या गेटाची बिजागरी निघालीय, बघशील का सवडीनं? मी हो म्हणालो. ज्याच्यासाठी सगळं केलं ते झालं होतं. मी नदीवर हातपाय धुतले.

तिथेच आबांचा मुलगा आला. म्हणाला, काका, उद्या सकाळी सातला सावडून घेऊ, परवा मला ड्युटीवर हजर व्हायचंय.

"तिसऱ्या दिवशी," मी म्हणालो.

तो म्हणाला, पण आता दुसऱ्या दिवशीच करतात ना सगळे? मी त्याला लोखंडाचं कारण सांगितलं. तापलेल्या बारवर पाणी पडलं की ते वाकतात, पुन्हा तेच होईल. त्याच्या चेहऱ्यावर नाराजी दिसली. लोखंडासाठी थांबायचं हे त्याला पटेना, आणि मलाही ते बोलताना विचित्र वाटलं. मी म्हणालो, तू हवं तर घरी थांब, नाहीतर जाऊन ये, तोवर कुणी पाणी ओतणार नाही हे मी बघतो. काय बघणार होतो कुणास ठाऊक. पण बोललो होतो, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन मी स्मशानात जाऊन बसलो.

पत्र्याच्या सावलीत सिमेंटचा बाक आहे. दिवसभर तिथं करायला काही नव्हतं. एक कुत्रं येऊन बसलं. नदीवर दोन बायका कपडे धुऊन गेल्या, मी कशाला बसलोय म्हणून त्यांनी वळून बघितलं. राख वरून पांढरी आणि शांत दिसत होती, वारा आला की मध्ये कुठंतरी लाल दिसायचं आणि जायचं. दुपारी जेवायला गेलो आणि परत आलो. उन्हं कलायला लागली तेव्हा बार कितपत निवलेत ते बघावं म्हणून उठलो. अग्नी देऊन आता जवळजवळ पूर्ण दिवस झाला होता. मी बाहेर आलेल्या टोकावर तळहात ठेवला.

ठेवता आला नाही. हात आपोआप मागे आला. मी राखेच्या जवळ हात नेला, न लावता. तिथं ऊब होती. तापलेल्या अंगाशी हात नेल्यावर लागते तेवढी, त्याहून जास्त नाही. इतक्या वेळानंतरही.

मग मला ती सकाळ आठवली, जी मी जवळजवळ तीन महिने आठवली नव्हती. तिच्या वेळी मी सकाळी सातला पाणी ओतलं होतं. पाहुण्यांना परतायचंय, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. एकाही पाहुण्यानं मला तसं म्हटलं नव्हतं. मुलगी उलट म्हणाली होती, बाबा, आईला तिसराच दिवस हवा असता. मी ऐकलं नाही. पहिली बादली मीच उचलली. पाणी पडल्याबरोबर मोठ्यानं चर्र झालं, वाफेचा लोट अंगावर आला आणि चटका बसू नये म्हणून मी दोन पावलं मागे सरकलो. मग दुसरी बादली ओतली, मग तिसरी.

ती अजून इतकी गरम होती, आणि मला घरी जायचं होतं. मी तिथं राखेशेजारी खाली बसलो आणि दुसऱ्याच्या बापाच्या राखेपुढे मोठमोठ्यानं रडलो. आबांचा मुलगा डोंबिवलीला परतला नव्हता, तो संध्याकाळी दिवा ठेवायला आला आणि मला तसं बघून दिवा हातात घेऊन लांबच थांबला.